बी.पी.एड.च्या जागा आधीच्या हिवाळ्यात भरतात

पत्र (थोडक्यात): कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची दोन वर्षांची पदवी) महाविद्यालयात मी शिकवतो. यंदापासून प्रवेशाचं काम माझ्याकडे आलं आहे. मंजूर जागा शंभर, भरतात जेमतेम साठ. त्यातले चाळीसेक दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दिसतात. जून-जुलैत आम्ही तालुक्याच्या गावी फ्लेक्स लावतो, ओळखीपाळखीने फोन करतो. जिल्हा तालमींचा, फुटबॉलचा, नेमबाजांचा. मग आमच्याकडेच मुलं का येत नाहीत? संस्थाचालक म्हणतात, एजंटाला विद्यार्थ्यामागे काही ठरवून द्या आणि हजेरीचं फार ताणू नका. काय करावं?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर जिल्हा

सर, नमस्कार.

तुम्ही मुलं शोधायला जून-जुलैत बाहेर पडता, अडचण तिथूनच सुरू होते. बी.पी.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. लेखी चाचणी, मैदानी चाचणी, मग कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, असा त्याचा क्रम आहे. अलीकडे सीईटीची नोंदणी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा पेपर लिहायच्या आधीच मुलाने अर्ज भरलेला असावा लागतो. जुलैत तुमच्या फ्लेक्सखाली उभा राहून फोन नंबर टिपून घेणाऱ्या मुलाने सीईटीच दिलेली नसेल, तर त्याला इच्छा असूनही तुम्ही घेऊ शकत नाही. आणि ज्याने दिली आहे, त्याला फ्लेक्सची गरज नसते. तो पसंतीक्रम भरायच्या तयारीत असतो. तुमचा खर्च होतो तो पहिल्या मुलावर.

कामाचं वर्ष म्हणून ऑगस्टपासून धरा. जिल्ह्यातली आणि शेजारच्या सांगली-साताऱ्यातली, तुमच्याकडे मुलं येऊ शकतील अशी पंधरा-वीस पदवी महाविद्यालयं निवडा. प्राचार्यांना पत्र पाठवून पुढे काही हलत नाही. तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. कोणता मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, कोणाला शिकवायची आवड आहे, कोण लहान पोरांना पहाटे मैदानावर घेऊन जातो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडून नावं घ्या. त्यात दुसऱ्या वर्षाचीही घ्या. का, ते पुढच्याच मुद्द्यात येतं.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार पदवीला 50 टक्के गुण आणि मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभाग, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, जिल्हा किंवा शालेय स्पर्धा, हा प्रवेशाचा सर्वसाधारण मार्ग आहे. पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय असलेल्यांना आणि वरच्या पातळीवर खेळलेल्यांना गुणांची अट 45 टक्क्यांपर्यंत सैल आहे. कोल्हापुरात नेमकी इथेच गळती होते. जत्रेच्या मैदानात चांगल्या चांगल्यांना आस्मान दाखवणारा पैलवान असतो, पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळणारा फुटबॉलपटू असतो, गावच्या मंडळाकडून रात्री प्रकाशझोतात कबड्डी खेळणारा असतो. त्यांच्याकडे ढाली आहेत, रोख बक्षिसांचे फोटो आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, पण अर्जाला जोडता येईल असा दाखला नाही. गावच्या मैदानाचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. हे मुलाला तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये कळलं तर उपयोग शून्य, कारण विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोवर उरकलेल्या असतात. दुसऱ्या वर्षात कळलं तर तो कॉलेजकडून उतरेल, दाखला घेईल आणि तुमचा होईल. तालमीच्या वस्तादांना आणि मंडळाच्या प्रशिक्षकांना ही एक गोष्ट समजावून सांगितलीत तरी पुढच्या वर्षीच्या यादीत फरक पडेल. शाळेत असताना खेळलेल्या जिल्हास्तरीय स्पर्धेचा दाखला घरात पेटीत पडलेला असतो, तोही मुलांना आठवत नाही. विचारलं की सापडतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या महाविद्यालयांत एकेक कार्यक्रम घ्या, पण भाषण नको. 'शारीरिक शिक्षणाचे महत्त्व' ऐकायला मुलं बसतात ती प्राचार्य समोर असतात म्हणून. त्यापेक्षा मैदानावर चला आणि दीड तासात 200 मीटरचा ट्रॅक आखून दाखवा. हे काम सुचवण्याला कारण आहे. खेळणाऱ्या मुलांना वाटतं, बी.पी.एड. म्हणजे दोन वर्षं आणखी पळायचं. ट्रॅक आखताना त्यांना पहिल्यांदा दिसतं की यात शिकण्यासारखं काही आहे, आणि ते आपल्याला जमतंय.

कसं ते सांगतो. साहित्य म्हणजे 50 मीटरचा टेप, न ताणणारी दोरी, चार-सहा खुंट्या आणि एक पोतं फक्की. दोन सरळ बाजू 50-50 मीटरच्या घ्या. उरलेले 100 मीटर दोन अर्धवर्तुळांत बसवायचे. 100 ला 6.2832 ने, म्हणजे 2π ने, भागलं की धावण्याची त्रिज्या येते 15.92 मीटर. पण दोरी 15.92 वर धरायची नाही. आतल्या कडेला नुसती फक्कीची रेघ असेल तर धावण्याचं अंतर त्या रेघेच्या 20 सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणून आखायची त्रिज्या 15.72 मीटर. लेन 1.22 मीटरची. चार लेनचा ट्रॅक साधारण 92 बाय 42 मीटरच्या जागेत बसतो. कडेला थोडी मोकळी जागा वेगळी. कार्यक्रमात सगळा ट्रॅक आखत बसू नका. एक कर्व्ह, दोन लेन आणि स्टॅगर (बाहेरच्या लेनची पुढे सरकवलेली सुरुवात) एवढं पुरे, आणि दोरी-टेप मुलांच्या हातात द्या.

स्टॅगरला थांबा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. पूर्ण एक फेरी लेनमधून पळायची असेल तर दुसऱ्या लेनचा धावपटू किती पुढे उभा राहणार? कुणीतरी पाठ केलेलं उत्तर देईल, 7.04 मीटर. ते उंच कड असलेल्या ट्रॅकचं उत्तर आहे, जिथे पहिली लेन कडेपासून 30 सेंटिमीटरवर मोजतात. फक्कीच्या रेघेला पहिली लेनही 20 सेंटिमीटरवर मोजली जाते, म्हणून फरक 1.22 गुणिले 6.2832, म्हणजे 7.67 मीटर. 7.04 वर उभं केलं तर दुसऱ्या लेनचं पोर 63 सेंटिमीटर जास्त पळतं आणि शाळेच्या स्पर्धेत त्याचा नंबर जातो. हा हिशेब कळल्यावर ज्याच्या डोळ्यांत चमक येते, त्याचं नाव लिहून घ्या. नुसता खेळाडू आणि होऊ घातलेला शिक्षक यांतला फरक ओळखायला याहून सोपी परीक्षा नाही.

डिसेंबरपासून अर्जाचं काम. मुलांना लिंक पाठवून मोकळे होऊ नका. आठवड्यातले दोन दिवस दुपारी तुमच्या संगणक कक्षात अर्ज भरायची सोय ठेवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच लिहिणं, प्रवर्ग बरोबर निवडणं, फोटो-सही नीट अपलोड होणं, शुल्क भरल्याची पावती जपणं, बस. शुल्क भरलं गेलं नाही म्हणून अर्धवट राहिलेला अर्ज मुलगा 'भरला' असं सांगतो. पावती पाहिल्याशिवाय तुमच्या वहीत टिक करू नका. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास यांतलं काय नाही, ते त्याच दिवशी कागदावर लिहून हातात द्या. वैधता प्रमाणपत्राला महिने जातात. जुलैत धावपळ सुरू केली तर राखीव जागा हातची जाते.

मैदानी चाचणी हा दुसरा खड्डा. लेखी परीक्षा दिली आणि मैदानी राहिली, असं होतं. तारीख आणि केंद्र वेगळं असतं आणि प्रवेशपत्र पुन्हा उघडून पाहायचं राहून जातं. दोन दिवस आधी प्रत्येकाला फोन करा. जमलं तर एक गाडी करा. गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजकडची मुलं वाटेत घेता येतात.

परीक्षा झाल्यापासून कॅप सुरू होईपर्यंत तीन-चार महिने जातात आणि या काळात मुलं विसरतात किंवा दुसरीकडे लागतात. महिन्यातून एकदा काहीतरी कामाचं त्यांच्यापर्यंत पोहोचवा. मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिरात लहान मुलांना शिकवायला बोलावलंत, थोडं मानधन दिलंत, तर सगळ्यात उत्तम. ज्याने दहा दिवस पोरांना खेळवलं, तो पसंतीक्रमात तुमचं नाव वर लिहितो.

कॅपबद्दल एक गोष्ट पालकांना आधीच स्पष्ट सांगा. उरलेल्या जागा शेवटी संस्था स्तरावर भरता येतात, पण सरकारी शुल्क सवलतींना प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकारकडून मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी 2024-25 पासून आहे. तुमचं महाविद्यालय आणि अभ्यासक्रम महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या त्या योजनेखाली दिसतो का, हे जानेवारीतच उघडून बघा आणि दिसत नसेल तर विद्यापीठ व सहसंचालक कार्यालयाकडे पाठपुरावा करा. 'नंतर बघू, शेवटच्या फेरीत घेऊ' असं म्हणून थांबलेली मुलगी माफीला मुकते, आणि पुढच्या सत्राचं शुल्क भरायची वेळ आली की गळते. म्हणजे तुमची दुसऱ्या वर्षाची गळती काही अंशी प्रवेशाच्या फेरीतच ठरते.

आता नोकरीचा प्रश्न, जो पालक विचारणारच. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या पुढे. तिथला बाप मुलाला दोन वर्षं इथे ठेवायचं म्हटल्यावर विचारतो, शेवटी हाताला काय लागणार? 'नोकरीची हमी' लिहू नका. जे आहे ते सांगा. अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून, टेट दिल्यावर, आणि जाहिरातीत पद असेल तरच. टेट म्हणजे 200 गुणांची अभियोग्यता चाचणी, आणि ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होत नाही. 2017, 2023, 2025 अशी झाली आहे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन 18,000 रुपये. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयला मात्र बी.पी.एड. ही मूळ अर्हता आहे आणि तिथे सुरुवातीचा मूळ पगार 44,900. जागा देशभरच्या, स्पर्धा तशीच, पण इंग्रजी-हिंदीची तयारी पहिल्या वर्षापासून केली तर आपली मुलं त्यात बसू शकतात. सीबीएसईने 2018-19 पासून नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास रोज ठेवायला सांगितल्यापासून त्या शाळांना माणूस लागतो. पगार शाळेगणिक वेगळा. म्हणून तुमच्या मागच्या तीन तुकड्यांतलं कोण कुठे आहे, किती मिळवतं, याची यादी करा आणि त्यांच्या संमतीने, नावं न घालता, पालकांपुढे ठेवा. यादीत शाळा असतील, अकादमी असेल, पोलीस असेल, घरची शेती बघणाराही असेल. असू दे. खरी यादी पाहून आलेला पालक मधेच मुलाला काढून नेत नाही. पुढे शिकायचं असेल तर एम.पी.एड. आणि नेट-सेट, किंवा प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, हे दोन रस्तेही त्याच बैठकीत सांगा.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या गावात मुलींना खेळायला घरचे पाठवतात. पण घरचे प्रश्न साधे असतात. कपडे बदलायची खोली आहे का, तिला आतून कडी लागते का? स्वच्छतागृहात पाणी आणि सॅनिटरी पॅडची सोय आहे का? सकाळचं सत्र किती वाजता, आणि त्याआधी पोहोचणारी एसटी कोणती? शिकवायला मॅडम आहेत का? प्रॉस्पेक्टसमध्ये संस्थापकांचा फोटो असतो, ही उत्तरं नसतात. ती छापा. एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा रोज ये-जा करता येण्यासारखी गावं वेळापत्रकासकट लिहा. पहाटे सहाचं मैदान सात-सव्वासातवर आणल्याने चार तालुक्यांतल्या मुली येऊ शकत असतील, तर आणा.

आता टिकण्याचं. पहिला हिशेब असा: कोण, कोणत्या आठवड्यात, कशामुळे गेलं? हजेरीपट काढून प्रत्येकाच्या शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि त्यांना फोन करून कारण विचारा. 'वैयक्तिक कारण' हे उत्तर मान्य करू नका. बहुतेक नावं तीन ठिकाणी एकवटलेली दिसतील, ती म्हणजे पहिले सहा आठवडे, पहिल्या सत्राचा निकाल आणि दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची तारीख.

पहिल्या सहा आठवड्यांत मुलं जातात ती बऱ्याचदा दुखण्यामुळे. पदवीच्या परीक्षेपासून प्रवेशापर्यंत पाच-सहा महिने अंगाला सराव नसतो. त्यात पैलवान आयुष्यात मातीवर आणि मॅटवर वावरलेला, त्याला अचानक कडक मैदानावर रोज पळवलं की नडगी धरते. पाऊस ओसरला की आपली मैदानं कडक होतात, आणि प्रवेश पूर्ण होतात ते नेमके त्याच सुमाराला. पहिले दोन आठवडे जोराच्या हालचालीची सत्रं आठवड्याला तीनच, एकाआड एक दिवस, चाळीस मिनिटांची ठेवा. नियमाप्रमाणे आठवड्याचे 36 तास भरायचेच आहेत. उरलेले मैदान आखणी, नियम, पंचगिरी, संचलनाच्या आज्ञा यांत भरतात. बारा मिनिटांची धाव पहिल्याच दिवशी घेऊन 'पातळी' ठरवायची घाई करू नका, तिसऱ्या आठवड्यात घ्या. तिथून पुढे भार आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवा, उड्या सगळ्यात शेवटी. नडगी दुखते म्हणाला तर दाबून बघा. हाडाच्या आतल्या कडेला लांबवर ठणका असेल तर पळणं-उड्या थांबवा, सायकल किंवा पोहणं द्या. बोटाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री दुखत असेल, तर हाडाला चीर असू शकते. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. 'चालतंय, पळ' म्हणून जे पोर पळवलं जातं, ते दिवाळीला घरी जातं आणि परत येत नाही.

उशिरा आलेल्यांचा प्रश्न याला लागूनच आहे. संस्था स्तरावरच्या फेरीतला मुलगा वर्गात येतो तेव्हा बाकीचे दीड महिना पुढे असतात. त्याला सरळ त्यांच्याबरोबर पळायला लावू नका. उशिरा आलेल्यांचा वेगळा गट करा, पहिले दोन आठवडे वरच्याच पद्धतीने चालवा, आणि झालेल्या पाठांच्या टिपणांची झेरॉक्स पहिल्या दिवशी हातात द्या.

निकालाचं कारण निराळं आहे. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरला बी.ए.ची मुलं घाबरतात. त्यांना कळत नाही असं नाही. सलग लिहायची सवय नसते. स्नायूंची नावं वर्गात घोकून घेण्यापेक्षा वॉर्मअपमध्ये घ्या. मांडी ताणताना कोणता स्नायू, कुठून कुठे, काय काम करतो, हे रोज दोन. मग शनिवारी पंधरा मिनिटांत एका प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या आणि सोमवारी तपासून परत द्या. दहा शनिवार झाले की परीक्षेत पान कोरं राहत नाही. शाळेत घ्यायच्या सराव पाठाचंही असंच. सत्राच्या शेवटी एकदम पस्तीस मिनिटांचा पाठ समोर आला की धीट खेळाडूही आजारी पडतो. तिसऱ्या आठवड्यातच जवळच्या शाळेत पाच मिनिटं नुसत्या आज्ञा द्यायला उभं करा. मुलं 'सर' म्हणाली की त्याला आपण इथे का आलोय ते कळतं. टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

शुल्काच्या तारखा तुमच्या कार्यालयाच्या सोयीने आहेत, त्या घराच्या हातात पैसा येतो त्याप्रमाणे लावा. आपल्याकडच्या शेतकरी घरात पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ रोख नसते. दर दहा दिवसांनी येणारं दूधबिल घरखर्चात जातं. ऊसबिल येऊ लागतं ते गळीत सुरू झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीपासून. लहान हप्ता प्रवेशाला आणि मोठा जानेवारीअखेर ठेवला तर तुमचीही वसुली सुधारेल. वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर आधीच द्या: शुल्क, ट्रॅकसूट, बूट, शिबिर, परीक्षा, जर्नल. स्पाइक पहिल्या सत्रात लागत नाहीत, तसं लिहा. मधूनच 'उद्या शिबिराचे पैसे आणा' म्हटलं की मुलगा उद्या येत नाही.

पोलीस भरतीला शत्रू मानू नका. कोल्हापुरात भरतीची तयारी करणारा मुलगा आणि बी.पी.एड.चा मुलगा पुष्कळदा एकच असतो. शिपाई भरतीत मैदानी 50 गुण. मुलांना 1600 मीटर 20 गुणांना, 100 मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी 15 ला. मुलींना 1600 ऐवजी 800. लेखी 100. हे सगळं तुमच्या मैदानावर होतं आणि तुमच्याकडे त्याचे शिक्षक आहेत. लपूनछपून अकादमीत जाणाऱ्या मुलाला सांगा की गोळ्याचं तंत्र इथेच शिक, चाचणीच्या आठवड्यात रीतसर रजा घे, नंतर परत ये. निवड झाली तर पेढे घ्या. निवड होत नाही ती मुलं लाजेने परत येत नाहीत. चाचणी झाल्यावर त्यांना पहिला फोन तुमचा गेला पाहिजे.

खेळाडूंच्या हंगामाचंही तेच. फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातो, मैदानी कुस्त्याही त्याच काळात. सामन्यांचं वेळापत्रक आलं की अंतर्गत चाचण्या आणि सराव पाठ त्या दिवशी ठेवू नका. दर बारा-तेरा मुलांमागे एक शिक्षक ठरवा. मुलगा सलग तीन दिवस गैरहजर राहिला की त्याच संध्याकाळी त्या शिक्षकाचा फोन. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला एका खेळाच्या पंच परीक्षेला बसवा. शालेय स्पर्धांच्या मोसमात पंच म्हणून मिळणारं मानधन खुराकाला हातभार लावतं, आणि मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिलेला मुलगा स्वतःला अर्धा शिक्षक समजू लागतो.

संस्थाचालकांच्या सूचनेबद्दल आमचं मत स्वच्छ आहे: हजेरी सैल करू नका. न येण्याच्या बोलीवर घेतलेली वीस मुलं कागदावर दिसतात, पण त्यांच्यामुळे रोज येणारी चाळीस मुलं विचारतात की आम्हीच का पळायचं. जाणारी मुलं याच चाळिसांतली असतात. शिवाय शाळांना खोटा शिक्षक मिळतो, आणि पुढच्या वर्षी मुख्याध्यापक तुमच्या प्रमाणपत्राकडे संशयाने बघतात. एजंट नेमका याच बोलीवर मुलं आणतो, कारण दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडे नसतं.

हे त्यांना पटवायला आकडे लागतील. एक साधी वही घाला. चौकशी किती, सीईटीचा अर्ज किती, लेखी दिली किती, मैदानी दिली किती, पसंतीक्रमात आपलं नाव किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, सहाव्या आठवड्यात हजर किती, पहिल्या सत्राला बसले किती, दुसऱ्या वर्षाचं शुल्क भरलं किती. प्रत्येक पायरीवर तालुका आणि आधीचं महाविद्यालय लिहा. जिथे आकडा एकदम खाली येतो, तिथे पुढच्या वर्षी माणूस आणि पैसा लावा. बाकी ठिकाणी आहे तसं चालू द्या.

राहिला फ्लेक्सचा खर्च. यंदाचा वाचवा आणि तीन ठिकाणी वाटा: मैदानी चाचणीची गाडी, मे महिन्याच्या शिबिरातलं मानधन, आणि मुलींच्या खोलीचं दार व पाण्याची टाकी. एक फ्लेक्स लावायचाच असेल तर तो 15 जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, राज्य क्रीडा दिनी लावा. त्यावर सीईटी नोंदणीची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत आणि अर्ज भरून देणाऱ्या तुमच्या कक्षाचा नंबर, एवढंच छापा. त्यासाठी नंबर उचलणारा माणूस आत्ताच नेमून ठेवा.